संक्रमणातील अर्थव्यवस्था आणि सार्वजनिक रस्त्यांचा कारभार: सुधारणा नेमकी कुठून सुरू करावी?

मैलदगड (धागाकर्ती)

नमस्कार. मी लोकप्रशासन हा विषय शिकवते. येत्या सत्रात विद्यार्थ्यांसमोर एक प्रश्न ठेवणार आहे. त्याआधी तो इथल्या जाणकारांपुढे मांडावासा वाटतो.

सरकारी नियोजनाकडून बाजाराकडे वळणाऱ्या देशात कारखाने विकले जातात, जमिनी वाटल्या जातात, भावांवरचे नियंत्रण उठते. रस्ता मात्र विकता येत नाही आणि वाटूनही देता येत नाही. तो सरकारकडेच राहतो, आणि त्याला सांभाळणारे खातेही जुन्याच घडीचे राहते: तेच खाते आराखडा करते, तेच मजूर आणि यंत्रे बाळगते, तेच काम करते आणि झालेले काम उत्तम असल्याचा शेराही तेच मारते. दरम्यान रस्त्यावरची वाहतूक पार बदललेली असते. जो माल पूर्वी रेल्वेने जात असे तो ट्रकवर चढतो, खासगी मोटारी काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढतात आणि अंदाजपत्रकातली देखभालीची तरतूद महागाईने खाऊन टाकलेली असते.

माझे मत असे की सुधारणेची सुरुवात पैशापासून व्हावी. जागतिक बँकेच्या १९९४ सालच्या विकास अहवालात आफ्रिकेबद्दल म्हटले होते की १२ अब्ज डॉलरची देखभाल वेळेवर झाली असती, तर रस्ते नव्याने बांधण्याचा ४५ अब्ज डॉलरचा खर्च वाचला असता. हा हिशेब समोर असताना देखभालीला हक्काचा आणि दरवर्षी नक्की मिळणारा पैसा मिळवून देणे हेच पहिले पाऊल ठरत नाही का? ज्यांनी अशा देशांत प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी अवश्य लिहावे.

खडीफोड

प्रश्न चांगला आहे, पण उत्तराशी मी असहमत आहे. रस्तेबांधणीत माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यांतली नऊ तुम्ही वर्णन केलेल्या प्रकारच्या दोन देशांत गेली. पैशाच्या आधी यादी हवी. आपल्या ताब्यात किती रस्ते आहेत, त्यांवर किती मोऱ्या (रस्त्याखालून पाणी पलीकडे जाण्याच्या वाटा) आणि किती पूल आहेत आणि त्यांची आजची अवस्था काय आहे, हे खात्याला ठाऊक नसते. ठाऊक आहे असे खात्याला वाटते, आणि ते अधिक घातक असते.

एक प्रसंग सांगतो. एका विभागाच्या नोंदवहीत ३८ किलोमीटरच्या एका रस्त्यावर ४१ मोऱ्या होत्या. आम्ही दोघे तिघे चार दिवस तो रस्ता पायी चाललो आणि ६७ मोऱ्या मोजल्या. जास्तीच्या २६ मोऱ्या कधी आणि कोणी बांधल्या, हे कोणालाही सांगता येईना. त्यांतल्या १९ गाळाने पूर्ण बुजलेल्या होत्या. पावसाचे पाणी मोरीतून पलीकडे जाण्याऐवजी भरावात मुरत होते आणि दरवर्षी त्याच त्याच ठिकाणी डांबर उखडत होते. खाते दरवर्षी इमानेइतबारे तिथले खड्डे भरत होते, कारण खड्डे दिसतात आणि मोरी दिसत नाही. तिथे दुप्पट निधी दिला असता तर दुप्पट खड्डे भरले गेले असते, एवढेच.

सुगरण_पक्षी

सहमत. मोरीबद्दल तर विशेष सहमत. पाणी निघाले की निम्मे काम झाले, असे माझे वडील म्हणत; ते आयुष्यभर रस्त्यावर मुकादम होते.

जमाखर्च

खडीफोड यांचे म्हणणे मान्य, पण धागाकर्तीने निधीचा मुद्दा काढलाच आहे तर तो नीट तपासू या, कारण नुसता निधी स्थापन करण्यात आणि तो चालवण्यात फार अंतर आहे.

रशियाने १९९१ सालीच रस्ते निधीचा कायदा केला. कागदावर पाहिले तर फार दूरदृष्टीचे पाऊल. पण त्या निधीचा एक मोठा स्रोत होता 'रस्ता वापरकर्ता कर', आणि तो आकारला जात होता उद्योगांच्या उलाढालीवर. म्हणजे ज्या कंपनीचा एकही ट्रक रस्त्यावर येत नाही तिनेही विक्रीच्या प्रमाणात भरायचा, आणि जो रात्रंदिवस अवजड माल वाहतो त्याच्या वापराशी रकमेचा काही संबंध नाही. नाव वापरकर्त्याचे आणि कर उलाढालीचा. त्यातच १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे रोकडीऐवजी मालाच्या देवाणघेवाणीत व्यवहार मिटवण्याची पद्धत सर्वत्र बोकाळली होती. अशा स्थितीत निधीत जमा काय झाले आणि त्यातून काय मिळाले, याचा ताळमेळ बसवणे हे कोणत्याही लेखापालाचे दुःस्वप्न आहे. केंद्रीय निधी २००१ साली गुंडाळला गेला, तो कर २००३पासून रद्द झाला, आणि पुढे २०११ साली रस्ते निधी पुन्हा आणावा लागला.

याउलट टांझानिया पाहा. त्या देशानेही समाजवादी घडी मोडून नवी बसवली. तिथला निधी मुख्यतः इंधनावरच्या आकारातून भरतो आणि त्यातला किमान ९० टक्के भाग देखभालीवरच खर्च व्हावा असे बंधन घातलेले आहे. २००० साली निधीचे मंडळ आणि राष्ट्रीय रस्त्यांची स्वतंत्र संस्था ही दोन्ही उभी राहिली. पैसे सांभाळणारा वेगळा आणि खर्च करणारा वेगळा, ही त्यातली खरी मेख आहे.

मैलदगड

जमाखर्च, अतिशय उपयुक्त माहिती. पण अर्थ खात्याच्या बाजूने एक प्रश्न विचारते, कारण विद्यार्थी तो नक्की विचारतील. प्रत्येक खात्याने 'आमचा कर आमच्यासाठीच' असे म्हणायला सुरुवात केली, तर दवाखाने आणि शाळा कशावर चालवायच्या? संक्रमणाच्या काळात निवृत्तिवेतन थकलेले असताना रस्त्यांसाठी राखीव पैसा बाजूला ठेवणे न्याय्य आहे का?

जमाखर्च

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला हलक्यात घेऊ नये. माझे उत्तर असे की कर आणि शुल्क यांत भेद करावा. इंधनावरच्या कराचा जो भाग सर्वसाधारण महसुलाचा आहे तो तिजोरीतच राहू द्यावा. त्याच्या वर रस्त्याच्या झिजेपुरता वेगळा आकार लावावा, त्याचा दर जाहीर असावा आणि मंडळावर ट्रकमालक, शेतकरी, बस चालवणारे असे पैसे भरणारे लोक बसवावेत. मग दर वाढवायचा की रस्ते खराब होऊ द्यायचे, हा प्रश्न त्यांनाच सोडवावा लागतो. दवाखान्याचा पैसा इकडे येत नाही, कारण तो मुळात गोळाच झालेला नव्हता.

या बाबतीत चीनचे उदाहरण बोलके आहे. तिथे वाहनमालकांकडून रस्ते देखभाल शुल्क वेगळे वसूल केले जाई. ते रद्द करून इंधनावर आणण्याचा विचार १९९०च्या दशकापासून चालू होता. प्रत्यक्षात आला तो १ जानेवारी २००९ रोजी. त्या दिवशी सहा प्रकारची शुल्के बंद झाली आणि पेट्रोलवरचा उपभोग कर लिटरमागे ०.२ युआनवरून १ युआन झाला. रस्त्यावर उभे राहून शुल्क गोळा करणारी माणसे गेली आणि वापर जास्त असेल त्याने आपोआप जास्त भरावे अशी सोय झाली. मात्र वसुलीच्या कामावरच्या असंख्य कर्मचाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला.

उत्तरायण

'वापर जास्त त्याने जास्त भरावे' हे इंधनाने पूर्ण साधत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा इथे रस्त्यांवर मुद्दाम ट्रक चालवून चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची हानी आसावरच्या (चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे १० टन भाराचा एक आस १ टनाच्या आसापेक्षा दहापट नव्हे, सुमारे दहा हजारपट नुकसान करतो. इंधन मात्र त्या प्रमाणात कधीच जळत नाही. त्यामुळे लहान मोटारवाले ट्रकचा भार उचलतात.

संक्रमणातील देशांत ही अडचण आणखी तीव्र होते. सोव्हिएत काळातले कितीतरी रस्ते ६ टन आसभारासाठीच बांधलेले होते. सीमा उघडल्यावर त्यांवर पश्चिमेकडचे ट्रक आले, ज्यांच्या चालक आसावर, म्हणजे इंजिनाचा जोर मिळणाऱ्या आसावर, ११.५ टनांपर्यंत भार चालतो. पोलंड २००४ साली युरोपीय संघात गेला तेव्हा त्याने आपले रस्ते या भारासाठी मजबूत करायला २०१०च्या अखेरीपर्यंत मुदत मागून घेतली होती, आणि तरीही अनेक रस्त्यांवर असे ट्रक चालवायला विशेष परवाना लागत होता म्हणून २०१९ साली युरोपीय न्यायालयाने पोलंडविरुद्ध निकाल दिला. रस्त्याची ताकद कायद्याने वाढत नाही, हे त्या प्रकरणातून विद्यार्थ्यांना छान दाखवता येईल.

लंबक

उत्तरायण, चौथा घात हा सर्व प्रकारच्या रस्त्यांना सारखा लागू होत नाही; थराची जाडी आणि खालची माती यांप्रमाणे तो घात कमीजास्त होतो. मुद्दा बरोबर आहे, फक्त 'दहा हजारपट' हा आकडा विद्यार्थ्यांनी ब्रह्मवाक्य मानू नये.

उत्तरायण

मान्य. ठोकताळा म्हटले ते त्यासाठीच.

सांजवात

इथवरच्या चर्चेत खात्यातली माणसे आली ती जमाखर्च यांच्या चीनवरच्या शेवटच्या वाक्यात, 'मागे राहिलेला प्रश्न' म्हणून. मला त्यांच्याबद्दलच लिहायचे आहे.

मी अशाच एका खात्याच्या पुनर्रचनेत मनुष्यबळाचे काम पाहत होते. देशाचे आणि खात्याचे नाव लिहीत नाही. एका आगारात १४० माणसे होती. आवारात सहा ग्रेडर (रस्ता सपाट करणारी यंत्रे) उभे होते आणि त्यांतले दोन चालत होते, कारण उरलेल्या चौघांचे सुटे भाग काढून हे दोन जिवंत ठेवले होते. ते काम करणारा यंत्रकार साठीला टेकलेला होता. त्याने मला एक लाकडी पेटी उघडून दाखवली. तिच्यात प्रत्येक भाग तेलाच्या कापडात गुंडाळलेला होता आणि कोणत्या यंत्रातून कोणत्या वर्षी काढला ते चिठ्ठीवर लिहिलेले होते. सल्लागारांच्या अहवालात मात्र त्या आगाराची 'उत्पादकता अत्यल्प' अशी एका ओळीत वासलात लावलेली होती. सुटे भाग मागवण्याचा अधिकार ज्या कार्यालयाला होता त्याने चार वर्षे एकही मागणी मंजूर केली नव्हती. त्या माणसाची उत्पादकता कोणत्या मापाने मोजायची?

खाते आणि कंत्राटदार वेगळे करावेत याला माझा विरोध नाही. पण ते एका रात्रीत करू नये. फिनलंडने २००१ साली रस्ते प्रशासन आणि कामे करणारा उपक्रम वेगळे केले, तेव्हा त्या उपक्रमाला पहिल्या दिवशीच स्पर्धेत ढकलले नाही. पुढची काही वर्षे कामांचा वाटा टप्प्याटप्प्याने खुला करत नेला. पुढे २००८ साली त्या उपक्रमाची कंपनी झाली. फिनलंडसारख्या सुस्थितीतल्या देशाला जर उसंत लागते, तर पगार थकलेल्या देशाने ती का घेऊ नये?

खडीफोड

सांजवात, तुमचा यंत्रकार मी ओळखतो असे वाटले. प्रत्येक आगारात तो असतो. पण उसंत लांबली की काय होते तेही मी पाहिले आहे. एका विभागात जुन्या आगाराची कंपनी झाली आणि आगाराचे प्रमुखच तिचे मालक झाले. यंत्रे त्यांची, डांबराचा कारखाना त्यांचा, खाणही त्यांचीच. पाच वर्षे निविदा निघत राहिल्या आणि पाचही वर्षे एकच लिफाफा आला. कागदोपत्री स्पर्धा होती. बाहेरच्या कंत्राटदाराला ८० किलोमीटरवरून गरम डांबर आणणे परवडणारच नव्हते. त्यामुळे माझा आग्रह असतो की खाण आणि डांबराचा कारखाना यांचा निकाल आधी लावावा. ते एकाच बोलीदाराच्या हाती जाऊ देऊ नयेत, किंवा सर्वांना एकाच दराने माल देण्याची अट त्यांच्यावर घालावी. संस्थेचे नाव आणि पाटी नंतर बदलली तरी चालते.

पाणंद

युक्रेनने २०१६पासून सरकारी खरेदी 'प्रोझोरो' या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेवर आणली. कोणी किती बोली लावली हे कोणालाही पाहता येते. एकच लिफाफा आला तर निदान तो सर्वांना दिसतो. खडीफोड यांची खाणीची अडचण त्याने सुटत नाही, पण लपतही नाही.

नदीकाठ

सरकारकडे पैसा नाही म्हणून खासगी गुंतवणूक आणावी आणि टोल घ्यावा, हा सल्ला संक्रमणातील प्रत्येक देशाला मिळतो. त्याची दोन उदाहरणे देतो.

हंगेरीने एम १ महामार्गाचा ऑस्ट्रियाच्या सीमेकडचा टप्पा खासगी सवलत करारातून (कंपनीने बांधायचा आणि टोलमधून खर्च वसूल करायचा) बांधला. तो १९९६ साली सुरू झाला. टोल इतका चढा होता की वाहने शेजारच्या जुन्या रस्त्यानेच जाऊ लागली. महामार्गावर अंदाजापेक्षा कमी वाहतूक आणि जुन्या रस्त्यावरच्या गावांतून ट्रकांची रांग, असे दुहेरी नुकसान झाले. १९९९ साली सरकारला तो करार आपल्याकडे घ्यावा लागला आणि पुढे ठरावीक मुदतीच्या पासाची पद्धत आली.

व्हिएतनाममधल्या 'काय ले' या ठिकाणी उलट चूक झाली. खासगी कंपनीने वळणरस्ता (बायपास) बांधला, पण टोलनाका ठेवला जुन्या राष्ट्रीय महामार्ग १ वर. जो नवा रस्ता वापरतच नाही त्यानेही पैसे भरायचे. २०१७च्या ऑगस्टमध्ये चालकांनी अगदी लहान किमतीच्या नोटांत टोल भरायला सुरुवात केली. मोजता मोजता नाक्यावर मैलोन् मैल कोंडी झाली आणि डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी वसुली थांबवण्याचा आदेश दिला. लोक पैसे द्यायला तयार नसतात, असा याचा अर्थ मी काढत नाही. आपण कशाचे पैसे देतो आहोत हे त्यांना नक्की कळत होते, आणि ज्याचे देत नव्हते तेही कळत होते.

अबोली_र

एक भाषिक शंका विचारते. खात्याची 'काम करवून घेणारा' आणि 'काम करणारा' अशी जी विभागणी सगळे सांगत आहेत, तिला मराठीत सुटसुटीत शब्द आहे का? 'नियोक्ता' म्हटले की नोकरी आठवते.

सुगरण_पक्षी

'धनी आणि कारागीर' म्हणून पाहा. घर बांधतानाही आपण असेच बोलतो: धन्याने लक्ष घातले नाही तर कारागीर कितीही चांगला असो, भिंत वाकडी येते.

पाणंद

सुगरण_पक्षी यांच्या शब्दानेच पुढे जातो, कारण माझा मुद्दा तोच आहे: कितीतरी रस्त्यांना धनीच नसतो.

सोव्हिएत व्यवस्थेत सामुदायिक शेतांच्या आतले रस्ते शेतसंस्थेचे असत. ती शेतसंस्था विसर्जित झाली, जमीन सभासदांत वाटली गेली, गोठे आणि ट्रॅक्टर विकले गेले. रस्ता कोणीच घेतला नाही. रस्ते खात्याच्या यादीत तो कधी नव्हता आणि गावपंचायतीच्या यादीत तो आला नाही. रशिया आणि युक्रेनमध्ये असे बेवारस रस्ते वर्षानुवर्षे राहिले. राजधानीत कितीही निधी स्थापन झाला, तरी या रस्त्यावरच्या दूधवाल्याला त्यातला पैसा मिळणार कसा? बिल कोणाच्या नावावर काढायचे?

पोलंडने १ जानेवारी १९९९च्या प्रशासकीय सुधारणेत रस्ते चार पातळ्यांत विभागले: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावपालिकेचे. प्रत्येक रस्त्याला एक धनी मिळाला. युक्रेनने जानेवारी २०१८मध्ये सुमारे १ लाख २३ हजार किलोमीटर स्थानिक रस्ते केंद्रीय संस्थेकडून प्रांतांकडे दिले आणि त्याच वेळी नवा रस्ते निधी सुरू करून त्यातला ३५ टक्के वाटा स्थानिक रस्त्यांसाठी ठेवला. जबाबदारी आणि पैसा एकाच दिवशी खाली गेले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे. नुसती जबाबदारी खाली ढकलली की केंद्राची कागदपत्रे स्वच्छ होतात आणि गावाच्या माथी खड्डे येतात.

लंबक

पाणंद, खाली गेलेल्या पैशाबरोबर अभियंता गेला का? ज्या प्रांतात एकही अनुभवी रस्ते अभियंता नाही तिथे ३५ टक्के काय आणि ५० टक्के काय.

पाणंद

रास्त प्रश्न. म्हणूनच लहान पालिकांनी मिळून एक अभियंता ठेवावा असे मला वाटते. प्रत्येकाने आपले वेगळे कार्यालय थाटण्याचा हट्ट धरला की पैसा पगारातच संपतो.

मैलदगड

सर्वांचे मनापासून आभार. मी 'आधी पैसा' म्हणत आले होते आणि आता ते मत तसेच्या तसे धरून ठेवता येत नाही. धनी ठरल्याशिवाय पैसा पोचत नाही आणि यादी झाल्याशिवाय धनी ठरत नाही, हे पाणंद आणि खडीफोड यांच्यामुळे लक्षात आले. तरीही माझी एक शंका शिल्लक आहे. यादी करायला फार खर्च आणि वेळ लागतो असे खाती सांगतात. रस्त्याचा खडबडीतपणा मोजायला यंत्र बसवलेली गाडी लागते, आणि गरीब देशाकडे ती कुठून येणार?

खडीफोड

खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक १९८२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून आला तो मुळी वेगवेगळ्या देशांची वेगवेगळी साधने एकाच मापावर आणण्यासाठी. महागड्या गाडीने मोजले तर उत्तमच, पण तिची वाट पाहत बसू नये. सर्बियाने २००४च्या सुमारास माच्वा आणि कोलुबारा या भागांत देखभालीची कंत्राटे 'किती खडी टाकली' याऐवजी 'रस्ता कोणत्या अवस्थेत ठेवला' यावर देऊन पाहिली. अशा कंत्राटात किती मोठा खड्डा किती दिवसांत भरला पाहिजे, गवत किती उंच चालेल, मोरीचे तोंड किती मोकळे हवे, असे निकष असतात. त्यांतले बहुतेक डोळ्यांनी आणि टेपने तपासता येतात. त्याच निकषांनी यादीही करता येते.

मैलदगड

मग माझे विद्यार्थी, जे अभियंते नाहीत, एका रस्त्यावर जाऊन असे काही तपासू शकतील का? त्यांना मी कारभार शिकवते, पण त्यांनी रस्ता पाहिलेलाच नसतो.

खडीफोड

अवश्य शकतील. दोन मीटरची सरळ लाकडी पट्टी आणि एक टेप द्या. डांबर जिथे संपते तिथे पट्टी अर्धी डांबरावर आणि अर्धी साइडपट्टीवर राहील अशी आडवी धरायला सांगा. साइडपट्टी डांबरापेक्षा खाली उतरती असेल तर पाणी बाहेर जाते. पट्टीचे बाहेरचे टोक उचलले जात असेल, तर तिथे माती आणि गवत साचून बांध झाला आहे आणि पाणी डांबरावरच थांबते. दर शंभर मीटरवर फक्त 'खाली' किंवा 'वर' एवढे लिहायचे. वाटेत मोरी आली की वाकून आरपार पाहायचे. पलीकडचा उजेड दिसला की नाही ते लिहायचे. पाच किलोमीटरला एक सकाळ पुरते. नंतर त्याच रस्त्याच्या मागच्या तीन वर्षांच्या देखभालीची देयके मागवा आणि साइडपट्टी छाटण्यावर व मोऱ्या साफ करण्यावर किती खर्च दाखवला आहे ते त्या नोंदींशेजारी लिहायला सांगा.

सांजवात

आणि शक्य असेल तर त्या रस्त्यावरच्या मुकादमालाही बरोबर घ्या. कोणती मोरी कधी बुजली ते त्याला विचारावे लागत नाही. तो आपणहून सांगतो.